राईएवढ्या जागेतला सूर्य

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागले की राई, मुर्धा, मोर्वा ही जुनी गावे लागतात. खाडीचे खारे पाणी, आगरी वस्ती आणि मिठागरे ही या पट्ट्याची जुनी ओळख. मारवाड आणि गुजरातेतून येऊन भाईंदरला स्थिरावलेली व्यापारी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी या रस्त्याने जातात, उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग नजरेस पडतात, गाडी पुढे जाते आणि विषय तेथेच संपतो.

वास्तविक त्या ढिगातला एखादा खडा हातात घेऊन पाहण्याजोगा असतो. जवाहिऱ्याच्या भिंगातून पाहिले तर त्याच्या कडा काटकोनात मिळालेल्या दिसतात. कोणी पैलू पाडलेले नसतात. पाणी आटत जाते तसे मिठाचे अणू आपोआप चौकोनी रांगांत बसत जातात. या रांगांमधील अंतर किती, हे १९१३ साली इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधून काढले. एक मिलिमीटर जाडीच्या मिठाच्या खड्यात अणूंचे सुमारे पस्तीस लाख थर असतात. ठरावीक तरंगलांबीचा क्ष-किरण या थरांवरून ठरावीक कोनातच परत उसळतो. म्हणजे थरांमधील अंतर ठाऊक असेल तर कोन मोजून किरण ओळखता येतो, आणि किरण ठाऊक असेल तर थर ओळखता येतात. या शोधाबद्दल बापलेकांना १९१५ चे नोबेल पारितोषिक एकत्र मिळाले. मुलाचे वय त्या वेळी अवघे पंचवीस वर्षे होते. पिढीजात पेढीवर वडील आणि मुलगा शेजारी बसण्याची सवय असलेल्या घरांना ही जोडी परकी वाटू नये.

मिठाच्या खड्याने किरण ओळखण्याची ही युक्ती आज ज्या ठिकाणी वापरली जाते, तेथे प्रखर लेसरच्या एका ठोक्याने धातूच्या पत्र्यावर क्षणभर एक लहानसा सूर्य पेटवला जातो. राईच्या दाण्याच्या व्यासाचे शंभर भाग केले तर त्यातील एका भागात मावेल एवढाच तो असतो. मराठीत राईचा पर्वत करणे हा दोष मानतात. या प्रयोगांत मात्र राईएवढ्या जागेत पर्वताएवढी शक्ती खरोखरच आणली जाते, आणि त्या जागेत नेमके काय घडले हे सांगणारे साक्षीदार म्हणजे तेथून निघणारे क्ष-किरण.

प्रयोगशाळेपर्यंत जाण्यापूर्वी दुकानात थोडे थांबावे लागेल, कारण याच विद्येची एक धाकटी शाखा भाईंदरच्या सराफ बाजारात रोज काम करीत आहे.

आजीच्या काळातील पाटली मोडीत घालायला किंवा तपासून घ्यायला कोणी आणते. पूर्वी सराफ ती काळ्या दगडावर घासून कस पाहत असे. संस्कृतात त्या दगडाला निकष म्हणत, आणि तोच शब्द आता परीक्षेपासून निवडणुकीपर्यंत सर्वत्र वापरला जातो. आज पाटली कॅरेटमीटरमध्ये ठेवतात. झाकण बंद होते, अर्ध्याएक मिनिटात पडद्यावर आकडे येतात: सोने इतके टक्के, तांबे इतके, चांदी इतकी. या पेटीत क्ष-किरणांची एक लहान नळी असते. तिचे किरण पाटलीवर पडले की सोन्याच्या आणि तांब्याच्या अणूंतील आतल्या घरातला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. रिकाम्या झालेल्या जागी वरच्या घरातला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना त्या अणूची खास खूण असलेला क्ष-किरण सोडतो. तांब्याची खूण सुमारे ८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची, सोन्याची एक ठळक खूण ९.७ च्या आसपास. कोणत्याही दोन मूलद्रव्यांच्या खुणा सारख्या नसतात. हे कोष्टक १९१३ आणि १९१४ साली हेन्री मोझ्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने मांडले. पुढच्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, गॅलिपोलीच्या रणांगणावर तो मारला गेला.

पडद्यावरचा आकडा पाहून ग्राहक निश्चिंत होतो. परंतु यंत्राने पाटलीच्या आत पाहिले का? नाही. सोने फार घन असल्याने त्याच्या आतून येणारा हा किरण काही मायक्रॉनच्या पलीकडून बाहेरच पडू शकत नाही. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा म्हटले तरी चालेल. यंत्र तेवढीच कातडी वाचते. जाड मुलामा दिलेला दागिना ते प्रामाणिकपणे सोन्याचा म्हणून सांगेल, आणि ते खोटेही बोलत नसेल. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिलेले असते. सोन्याच्या लगडीत टंगस्टन भरण्याची लबाडी तर याहून अवघड, कारण टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की वजन आणि आकारमानही साथ देत नाहीत. म्हणूनच शंका असेल तेथे दागिना खरवडून, कापून किंवा नमुना वितळवून आगीची परीक्षा घ्यावी लागते. कोणता किरण किती खोलीवरून आला हा प्रश्न सराफाला जितका महत्त्वाचा, तितकाच तो लेसरच्या प्रयोगशाळेतही महत्त्वाचा ठरतो.

भाईंदरहून चर्चगेटची लोकल घेऊन पुढे कुलाब्याच्या टोकाला गेले की नेव्ही नगरात समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी आहे. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या या संस्थेच्या कुलाब्याच्या इमारतीचे उद्घाटन १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तेथे प्रा. जी. रवींद्र कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिप्रखर लेसरची प्रयोगशाळा उभारली. या कामासाठी त्यांना २००३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१५ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही हेच संशोधन दीर्घकाळ चालू आहे. होळकरांच्या त्या मराठी शहरात काच मंदिराच्या दर्शनाला जाणाऱ्या अनेकांना हे केंद्र त्याच शहरात आहे याची कल्पना नसते.

शंभर टेरावॅट हा आकडा अशा प्रयोगशाळांत सहज ऐकू येतो. भारतातील सर्व वीजकेंद्रांची एकत्रित क्षमता चारशे गिगावॅटहून अधिक आहे. शंभर टेरावॅट म्हणजे तिच्या जवळजवळ दोनशे पट. हे ऐकून कोणाही गृहस्थाला प्रथम विजेच्या बिलाची आठवण होईल. पण हिशेब वेगळा आहे. हा ठोका सुमारे तीस फेम्टोसेकंद टिकतो, आणि तेवढ्या काळात खर्च होणारी ऊर्जा अवघी तीन ज्यूल असते. एक किलोचे वजन फूटभर उचलायला तेवढीच लागते. शक्ती प्रचंड वाटते ती केवळ खर्चाचा काळ अतिशय आखूड असल्यामुळे. तीस फेम्टोसेकंद आणि एक सेकंद यांचे जे प्रमाण, तेच एक सेकंद आणि दहा लाख वर्षे यांचे. जैन परंपरेत काळाचा अविभाज्य अंश म्हणून ‘समय’ सांगितला आहे, आणि असे आकडे पाहिले की काही उत्साही वक्ते दोहोंची सांगड घालतात. तो मोह टाळलेला बरा. फेम्टोसेकंदाचे पुढेही तुकडे होतात आणि ते मोजलेही जातात. ‘समय’ ही तत्त्वविचारातील संज्ञा आहे, घड्याळाचे माप नाही.

हा ठोका आरशांनी एकवटून निर्वात पेटीतील धातूच्या पत्र्यावर टाकला जातो. जेथे तो पडतो तेथील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि घन धातूचा प्लाझ्मा बनतो. वितळणे, उकळणे या पायऱ्यांना वेळच मिळत नाही. तापमान कोटी अंशांच्या घरात जाते. काही इलेक्ट्रॉन तर प्रकाशाचा धक्का घेऊन विलक्षण वेगाने पत्र्याच्या आत घुसतात.

येथून क्ष-किरण तीन वाटांनी निघतात. वेगवान इलेक्ट्रॉन अणूंच्या केंद्रकांजवळून जाताना वळतात आणि मंदावतात. त्या मंदावण्यात गमावलेली ऊर्जा सर्व तरंगलांब्यांच्या क्ष-किरणांच्या रूपाने पसरते. दुसरी वाट तापलेल्या आयनांची: ज्यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन गळून पडले आहेत असे आयन आपापल्या ठरावीक रेषा सोडतात, आणि कोणत्या रेषा किती तेजस्वी आहेत यावरून प्लाझ्माचे तापमान आणि घनता कळते. तिसरी वाट दुकानातल्या पेटीसारखीच. आत घुसलेले इलेक्ट्रॉन थंड धातूच्या अणूंतील आतले घर रिकामे करतात आणि तांब्याची तीच ८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची खूण बाहेर येते. कॅरेटमीटरमध्ये घर रिकामे करणारा क्ष-किरण असतो, येथे इलेक्ट्रॉन. पुढची सारी हकिकत एकच.

आता खरी अडचण. जी गोष्ट केसाहून बारीक जागेत घडली आणि डोळ्याची पापणी हलण्याच्या कितीतरी आधी संपली, तिचे तापमान घ्यायचे कसे? तापमापक लावता येत नाही, बोट लावता येत नाही, पुन्हा तोच ठोका तसाच मिळेल याची खात्री नाही. निदान करायचे ते बाहेर आलेल्या किरणांवरूनच. वैद्याने नाडीवरून आतला विकार ओळखावा तसे.

यासाठी वापरली जाणारी काही साधने आश्चर्य वाटावे इतकी साधी आहेत. पहिले साधन म्हणजे सूचिछिद्र. जुन्या कौलारू घरात कौलाच्या फटीतून आलेला कवडसा जमिनीवर सूर्याचे गोल चित्र काढतो, आणि ग्रहणाच्या दिवशी तो कवडसाही कोरीचा होतो. क्ष-किरणांना काचेचे भिंग वळवू शकत नाही, म्हणून जड धातूच्या पातळ पत्र्याला काही मायक्रॉनचे भोक पाडून प्लाझ्माचा असाच कवडसा घेतात. त्यावरून तप्त ठिपका किती मोठा आणि त्याचा आकार कसा हे कळते.

दुसरे साधन हिऱ्यांच्या व्यापाऱ्याला सहज उमजेल. बारीक हिऱ्यांची वर्गवारी करताना वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्या वापरतात. कोणत्या चाळणीत किती माल राहिला यावरून पुडक्याचा अंदाज येतो. क्ष-किरणांच्या चाळण्या म्हणजे अॅल्युमिनियमसारख्या धातूंचे वेगवेगळ्या जाडीचे पातळ पत्रे. मऊ किरण पातळ पत्र्यातच अडकतात, कठीण किरण जाड पत्र्यातूनही पार होतात. दोन सारख्या शोधकांपुढे दोन जाडीचे पत्रे लावले आणि त्यांच्या आकड्यांचे गुणोत्तर काढले की तापमान सांगता येते. अर्थात हे सोपेपण फसवेही आहे. तांब्याची किंवा दुसऱ्या एखाद्या धातूची ठळक रेषा मध्येच आली की गुणोत्तर बिघडते आणि चुकीचे तापमान अगदी व्यवस्थित दशांशासह हाती पडते.

म्हणून स्फटिक लागतो, आणि येथे मिठागर पुन्हा आठवते. स्फटिकावर पडलेले किरण तरंगलांबीनुसार वेगवेगळ्या कोनांत उसळतात आणि रेषा सुट्या दिसतात. मिठाचा खडा ब्रॅग पितापुत्रांना पुरला. पण मीठ हवेतील ओल धरते हे मुंबईच्या पावसाळ्यात मिठाची बरणी उघडणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणून आता अभ्रक, गारगोटीच्या जातीचा शुद्ध स्फटिक किंवा प्रयोगशाळेत वाढवलेले इतर स्फटिक वापरतात. सूत्र मात्र तेच, १९१३ च्या आसपासचे.

वेळ मोजण्यासाठी आणखी एक हिकमत आहे. क्ष-किरण एका पट्टीवर पाडून त्यांच्यापासून इलेक्ट्रॉन मिळवतात आणि ते इलेक्ट्रॉन विजेच्या दाबाने झपाट्याने एका बाजूला झाडून नेतात. आधी आलेले एका टोकाला पडतात, मागाहून आलेले दुसऱ्या टोकाला. धावत्या कागदावर शाईची धार धरावी तशी काळाची रेघ जागेवर उमटते.

आणि सराफाचा खोलीचा प्रश्न? तो येथे मोठ्या खुबीने सोडवतात. अॅल्युमिनियमच्या थराखाली, ठाऊक असलेल्या खोलीवर, तांब्याचा पातळ पदर आधीच पुरून ठेवतात. ठोका पडल्यावर तांब्याची खूण दिसली, तर इलेक्ट्रॉन तितके खोल पोचले. वरचा थर जाड करीत गेले आणि खूण फिकी होत गेली, तर कितपत खोलवर किती पोचले याचा आलेख मिळतो. दुकानदाराला दागिन्याच्या आत असा पदर पुरून ठेवण्याची सोय नसते, एवढाच काय तो फरक.

या सर्व साधनांचे आकडे एकत्र जुळवण्याची पद्धत पाहिली तर रोजकीर्द आणि खतावणीचा ताळा घेणाऱ्या मुनिमाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. लेसरने ऊर्जा किती दिली, पृष्ठभागाने किती परत फेकली, किती शोषली गेली, त्यातील किती वेगवान इलेक्ट्रॉनांनी नेली, किती क्ष-किरणांत निघाली. जमा आणि खर्च जुळला नाही तर प्रयोग अपुरा. एका शोधकाच्या आकड्यावर कोणी लेख लिहीत नाही, कारण एवढ्या प्रखर ठोक्याच्या वेळी आजूबाजूच्या तारांतही विजेचा गोंगाट उठतो आणि तोच संकेत म्हणून नोंदला जाऊ शकतो. चांगला संशोधक मग लक्ष्याकडे जाणारी वाट शिशाने अडवून पाहतो. तरीही आकडा येत असेल, तर तो क्ष-किरणाचा नव्हेच.

कुलाब्याच्या प्रयोगशाळेतील एक निष्कर्ष या सगळ्या मोजमापांवर उभा आहे. गुळगुळीत धातू लेसरचा बराचसा प्रकाश परत फेकतो. २००३ साली या गटाने तांब्याचे अतिसूक्ष्म कण पृष्ठभागावर बसवून पाहिले. मंदिराच्या कळसावर वीज आकर्षित होते, त्याच न्यायाने कणांच्या टोकांवर प्रकाशाचे विद्युत्क्षेत्र एकवटले, आणि कठीण क्ष-किरणांचे प्रमाण गुळगुळीत पृष्ठभागाच्या तेरा पट झाले. पुढे २०१२ साली प्रा. एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी काचेवर ई. कोलाय या जिवाणूच्या पेशींचा काही मायक्रॉनचा थर दिला, तेव्हा हे प्रमाण साध्या काचेच्या शंभर पटींहून अधिक वाढले.

जैन घरात हे वाचताना भुवई उंचावणे स्वाभाविक आहे. सूक्ष्म जीवही जीवच. मात्र त्याच प्रयोगातील एक नोंद या शंकेशी थेट संबंधित आहे. पेशी जिवंत असोत वा मृत, परिणाम होतो. संगणकावर केलेल्या गणनेत पेशींच्या जागी केवळ लांबट गोल कण धरले, तरीही वेगवान इलेक्ट्रॉन वाढलेले दिसले. काम आकाराचे आहे, जीवाचे नाही. तेव्हा असे कण कृत्रिम रीतीने घडवून हेच साधणे हा पुढचा स्वाभाविक मार्ग ठरतो, आणि ज्यांना जिवाणू वापरणे रुचत नाही त्यांच्यासाठी ही समाधानाची बाब आहे.

या विद्येच्या पायाशी एक जैन नावही आहे, ते येथे सांगितलेच पाहिजे. उदयपूरला ६ जुलै १९०६ रोजी जन्मलेले डॉ. दौलतसिंह कोठारी यांना लोक विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे प्रमुख म्हणून ओळखतात. शिक्षणावरील ‘कोठारी आयोग’ तो हाच. परंतु त्याआधी ते भौतिकशास्त्रज्ञ होते. अलाहाबादला ते मेघनाद साहांचे विद्यार्थी. तापमान वाढले की अणूंचे इलेक्ट्रॉन कसे सुटतात याचे समीकरण साहांनी १९२० साली दिले होते. कोठारींनी दुसरी बाजू मांडली: श्वेत खुजा ताऱ्यांसारख्या अतिघन पदार्थांत नुसत्या दाबानेही इलेक्ट्रॉन सुटतात, कारण अणू इतके जवळ दाबले जातात की कोणता इलेक्ट्रॉन कोणाचा हे उरतच नाही. लेसरने घन पदार्थाचा प्लाझ्मा होतो तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र घडतात, आणि दाबाचा हा परिणाम क्ष-किरणांच्या काही रेषा नाहीशा होण्यावरून वाचता येतो. ताऱ्याच्या पोटातला जो विचार कोठारींनी कागदावर केला, तो आज टेबलावर तपासला जातो. स्याद्वाद आणि आधुनिक भौतिकी यांच्यातील साम्यावरही त्यांनी लिहिले. पण आपले भौतिकशास्त्र त्यांनी समीकरणांवरच उभे केले, ग्रंथाधारावर नाही. हा विवेक आजच्या उत्साही वक्त्यांनी घ्यावा असा आहे.

सोने आणि हिरा या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात भेटतात त्या कॅलिफोर्नियात. तेथील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये १९२ लेसर किरणशलाका सुमारे एक सेंटिमीटर उंचीच्या, आतून सोन्याने मढवलेल्या नळकांड्यात सोडतात. सोन्याच्या भिंती तापून क्ष-किरणांनी न्हाऊन निघतात. मध्यभागी टांगलेली असते सुमारे दोन मिलिमीटर व्यासाची, राईच्या दाण्याएवढी, पोकळ गोळी. तिचे कवच हिऱ्याचे. सुरतेत प्रयोगशाळेतील हिरे ज्या सीव्हीडी पद्धतीने वाढवतात, त्याच पद्धतीने सिलिकॉनच्या गोळ्यावर हा हिरा चढवतात, त्याला पॉलिश करतात आणि बारीक छिद्रातून आतले सिलिकॉन विरघळवून काढतात. आत हायड्रोजनची जड भावंडे भरतात. क्ष-किरणांनी कवचाचा बाहेरचा थर उडतो, उरलेले आत दाबले जाते आणि अणुकेंद्रके जुळतात. हिऱ्यावर डोळ्याला न दिसणारा खड्डा किंवा आत पोकळी राहिली, तरी दाब वाकडा पडतो आणि प्रयोग फसतो. भिंगातून माल पाहताना बारीकसा दोष सोडून द्यावा की नाही या चर्चेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगण्याची गरज नाही.

५ डिसेंबर २०२२ रोजी तेथे लेसरने २.०५ मेगाज्यूल दिले आणि ३.१५ मेगाज्यूल मिळाले. जगभर नफा झाल्याच्या बातम्या आल्या. व्यापारी मनुष्य मात्र विचारील: लेसर चालवायला भिंतीतून वीज किती घेतली? उत्तर सुमारे ३०० मेगाज्यूल. विज्ञानाच्या दृष्टीने यश खरेच मोठे होते. गल्ल्याच्या दृष्टीने अजून दुकान उघडलेलेही नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि वृत्तपत्रांनी दुसरे विधान बहुधा शेवटच्या ओळीत घातले.

उलट ज्या जागी लेसर-प्लाझ्माचे क्ष-किरणांच्या शेजारचे किरण खरोखर व्यापारात उतरले आहेत, त्याची बातमी फारशी कोणी वाचली नाही. पितळेच्या भांड्याला कल्हई करताना वापरतात त्या कथलाचे, केसाहून बारीक थेंब सेकंदाला सुमारे पन्नास हजार या वेगाने निर्वात पेटीत सोडतात. लेसरचा पहिला हलका ठोका प्रत्येक थेंबाला चपटा करतो, दुसरा जोरदार ठोका त्याचा प्लाझ्मा करतो, आणि त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवा, काच, सारे काही शोषून घेते, म्हणून तो खास आरशांनीच वळवावा लागतो. त्या प्रकाशाने सिलिकॉनवर सर्वांत बारीक परिपथ छापतात. २०१९ च्या सुमारास हे मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. आज महागड्या फोनमधील चिप बहुधा अशाच कथलाच्या प्लाझ्माच्या उजेडात छापलेली असते. भाईंदरच्या भांडी बाजारात कथलाचा भाव विचारणाऱ्याला हा ग्राहक कधी दिसत नाही, इतकेच.

पुन्हा पाटलीकडे यायचे तर, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये ती खूण टाकली की दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा आणि कोणत्या केंद्रात तपासला हे दिसते. खरेदीच्या वेळी दुकानातच हे पाहून घेण्यात संकोच मानू नये. नेकीच्या सराफाला त्याचा राग येत नाही. घरातल्या जुन्या, खुणेशिवायच्या दागिन्यांचे तसे नाही. तेथे कॅरेटमीटरचा आकडा वरच्या पापुद्र्याचा आहे हे लक्षात ठेवून, मोठ्या वजनाच्या जिनसेसाठी मान्यताप्राप्त केंद्रातील आगीची परीक्षा मागावी. तिला नमुना खरवडावा लागतो, थोडे सोने जाते, वेळही लागतो.

कुलाब्यातही काही ना काही जातेच. प्रत्येक ठोक्यानंतर पत्रा थोडा सरकवावा लागतो, कारण जेथे एकदा ठोका पडला तेथे खड्डा झालेला असतो आणि पुढच्या मोजमापाला कोरी जागा हवी. दिवस संपतो तेव्हा गुळगुळीत तांब्यावर बारीक ठिपक्यांच्या सरळ रांगा उमटलेल्या असतात, आणि वहीत प्रत्येक ठिपक्यासमोर त्याचा आकडा.